दोन साक्षी आणि दोन अव्यक्ते

गेल्या हंगामाच्या सणानंतर एका खेड्यातील मंडळीत एक अप्रिय प्रसंग उद्भवला. सणाच्या दिवशी कुटुंबांनी अर्पण केलेली ज्वारी व गहू मंडळीच्या कारभाऱ्याने बाजाराच्या गावी नेऊन विकले आणि आलेले पैसे पंचांच्या स्वाधीन केले. पावती होती, परंतु तीवर एकूण वजन ३५० किलो व एकूण रक्कम १०,५२० रुपये एवढेच लिहिले होते. ज्वारी किलोस ३२ रुपये व गहू किलोस २८ रुपये ह्या भावाने गेला, हे सर्वांस ठाऊक होते. ज्वारी किती व गहू किती, ह्याचे वेगळे टिपण मात्र पावसात भिजून नाहीसे झाले. पुढे दोन आठवड्यांत कुजबुज सुरू झाली. ज्वारी दोनशे किलो तरी होती, असे एकजण म्हणाला. ज्वारी दोनशे व गहू दीडशे धरला तर १०,६०० रुपये यावयास पाहिजे होते. मग वरचे ऐंशी रुपये कोठे गेले? रक्कम लहान होती, पण खेड्यात माणसाचे नाव जाण्यास तेवढी पुरते. त्या कारभाऱ्याने प्रभुभोजनास येणे सोडले.

तेथील प्रचारकाने आम्हांस विचारले, "ज्वारी खरोखर किती होती, हे आता कळण्याचा काही मार्ग आहे काय?" आम्ही सांगितले की मार्ग आहे, आणि तो आपल्या गावची दहावीतील मुले शाळेत शिकतात. सन २०१८ साली महाराष्ट्रात निघालेल्या दहावीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलाच धडा 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा आहे. नाव भारदस्त असल्यामुळे मुले दचकतात. तयार समीकरण पुढे ठेवले तर ती ते भराभर सोडवितात. परंतु तीच गोष्ट वाक्यांत सांगितली, म्हणजे शाब्दिक उदाहरण घातले, की पाटी कोरी राहते. ह्याचे कारण असे की समीकरण सोडविणे हे हाताचे काम आहे, पण वाक्याचे समीकरण करणे हे वाचनाचे काम आहे. जो शास्त्रातील एखादा अध्याय शब्दाशब्दाकडे लक्ष देऊन वाचतो, त्यास हे काम परके वाटण्याचे कारण नाही. म्हणून रात्रीच्या वर्गात मुलांस शिकविणाऱ्या आमच्या प्रचारक बंधुभगिनींसाठी आम्ही हा पाठ लिहीत आहो.

प्रथम जे ठाऊक नाही त्यास नाव द्यावे. ठाऊक नसलेल्या संख्येस आपल्याकडील जुने गणिती 'अव्यक्त' म्हणत. आजच्या पुस्तकांत तिला 'चल' म्हणतात. भास्कराचार्यांनी सन ११५० च्या सुमारास आपला बीजगणिताचा ग्रंथ रचिला, त्यात पहिल्या अव्यक्तास 'यावत्तावत्' म्हणजे 'जेवढे असेल तेवढे' असे नाव आहे, आणि पुढील अव्यक्तांस रंगांची नावे आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी, लो एवढीच घ्यावयाची. खानदेशातील आमच्या वाचकांस हे वाचून कौतुक वाटेल की चाळीसगावाजवळ पाटण येथे मिळालेल्या, सन १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव ह्याने मठ स्थापिल्याचा उल्लेख आहे.

आपणही आद्याक्षरेच घेऊ. ज्वारीसाठी ज आणि गव्हासाठी ग. पण येथेच पहिला खड्डा आहे, आणि आम्ही स्वतः विद्यार्थी असताना त्यात कैक वेळा पडलो आहो. ज म्हणजे ज्वारी नव्हे. ज म्हणजे ज्वारीच्या किलोंची संख्या. ज्वारीस ३२ ने गुणता येत नाही, संख्येस गुणता येते. म्हणून फळ्यावर नुसते 'ज = ज्वारी' असे कधीही लिहू नये. 'ज्वारीचे वजन ज किलो मानू, गव्हाचे वजन ग किलो मानू' असे पूर्ण वाक्य लिहावे व मुलांकडूनही लिहवून घ्यावे. ज्याने हे वाक्य गाळले तो अर्ध्या वाटेवर पोहोचला की आपण किलो मोजीत होतो की रुपये, हे विसरतो.

आता पावती काय म्हणते ते पाहू. तीत दोन विधाने आहेत. पहिले वजनाविषयी: दोन्ही धान्ये मिळून ३५० किलो भरली.

ज + ग = ३५०

दुसरे पैशांविषयी. ज किलो ज्वारीचे ३२ज रुपये, ग किलो गव्हाचे २८ग रुपये, आणि दोन्ही मिळून १०,५२० रुपये झाले.

३२ज + २८ग = १०५२०

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हे येथे ध्यानात घ्यावे. 'भरली', 'झाले', 'होते', 'आहे' ह्या शब्दांच्या ठिकाणी समीकरणात बरोबरीचे चिन्ह येते. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श वैद्याने सन १५५७ साली आपल्या पुस्तकात प्रथम छापले. सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारखे काय असणार, असा त्याचा विचार होता. त्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंस एकाच जातीची वस्तू पाहिजे: किलोंसमोर किलो, रुपयांसमोर रुपये. मुलाने समीकरण लिहिले म्हणजे त्यास विचारावे, "डावीकडे काय मोजलेस? उजवीकडे काय मोजलेस?" ह्या दोन प्रश्नांनी निम्म्या चुका जागच्या जागी सापडतात.

दोन समीकरणे कशाला पाहिजेत, असे मुले विचारतात. एकटे पहिले समीकरण घ्या. ज्वारी १०० व गहू २५० असला तरी ते खरे. ज्वारी २०० व गहू १५० असला तरी खरे. एकटे दुसरे घ्या. ज्वारी ४० व गहू ३३० किलो असता तरी बरोबर १०,५२० रुपये झाले असते. मात्र वजन ३७० भरले असते. एका साक्षीवर काहीच ठरत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या १९ व्या अध्यायात, एकाच साक्षीदारावरून गोष्ट शाबीत करू नये असे सांगितले आहे, आणि पौलानेही करिंथकरांस लिहिताना त्याची आठवण दिली आहे. तो नियम न्यायसभेचा आहे, गणिताचा नव्हे; परंतु त्यामागची गरज एकच आहे. दोन अव्यक्ते असतील तर दोन साक्षी पाहिजेत.

आता सोडवू. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळ जण असे हिशेब तोंडी करीत. ते म्हणत: सगळाच गहू असता तर काय झाले असते? ३५० ला २८ ने गुणून ९,८०० रुपये. पण आले १०,५२०. म्हणजे ७२० रुपये अधिक आले. गव्हाच्या जागी एक किलो ज्वारी ठेवली की ४ रुपये वाढतात. तर ७२० रुपये वाढण्यास १८० किलो ज्वारी पाहिजे. बीजगणितात हेच लिहून दाखवितात. पहिल्या समीकरणास २८ ने गुणा: २८ज + २८ग = ९८००. हे दुसऱ्यातून वजा करा: ४ज = ७२०, म्हणून ज = १८०. मग ग = ३५० − १८० = १७०. पडताळा असा: १८० × ३२ = ५,७६०; १७० × २८ = ४,७६०; बेरीज १०,५२०. तोंडी रीत व लेखी रीत ह्या वेगळ्या नाहीत, हे मुलांस जरूर दाखवावे. म्हणजे अक्षरांची भीती जाते.

असो. कारभाऱ्याकडे आपण परत येऊ. पण त्याआधी दोन साक्षींविषयी आणखी थोडे सांगावयाचे आहे, कारण संख्येने दोन असल्या म्हणजे झाले असे नाही.

एका बाईचे दुकानात उधारीचे खाते आहे. पहिल्या आठवड्यात तिने २ किलो साखर व ३ किलो तूरडाळ नेली. दुकानदाराने ५१० रुपये मांडले. साखरेचा भाव स व डाळीचा ड रुपये मानू. २स + ३ड = ५१०. दुसऱ्या आठवड्यात तिने ४ किलो साखर व ६ किलो डाळ नेली. १,०२० रुपये मांडले. ४स + ६ड = १०२०. आता भाव काढा पाहू. निघत नाही. दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट आहे. दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्याचेच शब्द मोठ्याने म्हटले एवढेच. त्याने नवीन काही पाहिलेच नव्हते.

दुसऱ्या आठवड्याचे १,०५० रुपये मांडले असते तर? ४स + ६ड = १०५०. पहिल्यावरून ४स + ६ड हे १,०२० पाहिजे. एकच वस्तू १,०२० ही असावी आणि १,०५० ही असावी, हे घडत नाही. मार्काच्या १४ व्या अध्यायात प्रभूविरुद्ध आलेल्या साक्षीदारांची साक्ष जुळली नाही असे सांगितले आहे. त्यांची संख्या पुष्कळ होती, पण सत्य निघाले नाही. येथेही तसेच. अशा वेळी गणित चुकले असे समजून मुलाने रडू नये. मधल्या आठवड्यात भाव वाढला असेल, बेरीज चुकली असेल किंवा लबाडी असेल. ह्यांपैकी काय, हे समीकरण सांगत नाही. दोन्ही आठवड्यांस एकच भाव होता हे मानणे खोटे आहे, किंवा मांडलेली रक्कम चुकीची आहे, एवढे मात्र ते ठामपणे सांगते. तेवढे कळले तरी त्या बाईने दुकानदारास भाव विचारावा हे ठरते.

पण समजा, दुसऱ्या आठवड्यात तिने ३ किलो साखर व २ किलो डाळ नेली आणि ४१५ रुपये झाले. ३स + २ड = ४१५. ही साक्ष खरोखर निराळी आहे. दोन्ही समीकरणांची बेरीज करा: ५स + ५ड = ९२५, म्हणजे स + ड = १८५. दुसऱ्यातून पहिले वजा करा: स − ड = −९५. ह्या दोहोंची बेरीज २स = ९०, म्हणून साखर ४५ रुपये व डाळ १४० रुपये. आलेखाच्या कागदावर अशी समीकरणे काढली तर प्रत्येकाची एक सरळ रेषा होते. 'रेषीय' हे नाव त्यावरूनच पडले. साक्षी निराळ्या व जुळणाऱ्या असल्या तर रेषा एका बिंदूत छेदतात. दुसरी साक्ष पहिलीचीच असली तर रेषेवर रेषा बसते. साक्षी जुळत नसल्या तर रेषा समांतर धावतात व कधी भेटत नाहीत.

आता वाचनाकडे वळू. मराठीत सारा घोटाळा 'ने' आणि 'पट' ह्या दोन लहान शब्दांत होतो. 'थोरल्याच्या शेळ्या धाकट्याच्या शेळ्यांपेक्षा पाचने जास्त आहेत' ह्याचे समीकरण थ = ध + ५. 'थोरल्याच्या शेळ्या धाकट्याच्या पाचपट आहेत' ह्याचे थ = ५ध. हुशार मुलेही पुष्कळदा ५थ = ध असे लिहून जातात; त्यांना वाटते, थोरल्याच्या जास्त, म्हणून पाच त्याच्या शेजारी. ह्यावर उपाय सोपा आहे. धाकट्यास २ शेळ्या देऊन पाहाव्या. 'पाचने जास्त' असेल तर थोरल्याच्या ७ झाल्या पाहिजेत, 'पाचपट' असेल तर १०. लिहिलेले समीकरण तसे म्हणते काय? ५थ = ध मध्ये धाकट्याच्या २ घातल्या तर थोरल्यास अर्धी शेळीदेखील मिळत नाही. जेथे शंका येईल तेथे लहान संख्या घालून वाक्याची परीक्षा करण्याची सवय मुलांस लावावी. आमच्या अनुभवात दुसऱ्या कोणत्याही युक्तीचा इतका उपयोग होत नाही.

वयाच्या उदाहरणांत आणखी एक पेच असतो: काळ दोघांसही सारखाच चालतो. पाच वर्षांपूर्वी आईचे वय मुलीच्या सातपट होते. आजपासून पाच वर्षांनी ते तिप्पट होईल. आज आईचे वय आ व मुलीचे म वर्षे मानू. पहिले विधान: आ − ५ = ७(म − ५). दुसरे: आ + ५ = ३(म + ५). पुष्कळ जण आईच्या वयातून पाच वजा करितात आणि मुलीस विसरतात. कंस सोडविले म्हणजे आ = ७म − ३० व आ = ३म + १०. दोन्ही आईचेच वय सांगतात, म्हणून ७म − ३० = ३म + १०; ४म = ४०; मुलगी दहा वर्षांची, आई चाळीस वर्षांची. मागे पाहिले तर ५ व ३५, पुढे पाहिले तर १५ व ४५. दोन्ही जुळते.

देण्याघेण्याच्या उदाहरणांतही असेच होते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात दोन मित्रांचे एक उदाहरण आहे. पहिल्यास दुसऱ्याकडून शंभर मिळाले तर पहिला दुसऱ्याच्या दुप्पट धनवान होतो. उलट दुसऱ्यास पहिल्याकडून दहा मिळाले तर दुसरा पहिल्याच्या सहापट धनवान होतो. घेणाऱ्याचे वाढले हे सगळे लिहितात. देणाऱ्याचे तितकेच घटले हे विसरतात. प + १०० = २(द − १००), आणि द + १० = ६(प − १०). पहिल्यापाशी ४० व दुसऱ्यापाशी १७० निघतात. वाचकांनी पडताळा स्वतः घ्यावा.

ओघात आलेच म्हणून सांगतो. दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्टर रामचंद्र ह्यांनी सन १८५० साली कलकत्त्यास एक ग्रंथ छापिला. मोठ्यात मोठी व लहानात लहान किंमत काढण्याचे प्रश्न, ज्यांस यूरोपात कलनशास्त्र लावीत, ते केवळ बीजगणिताने सुटतात हे त्यांनी त्यात दाखविले. सन १८५२ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. सन १८५९ साली प्रसिद्ध गणिती डी मॉर्गन ह्यांनी तो ग्रंथ लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करविला. ख्रिस्ती मनुष्याने बीजगणितात डोके घालावे काय, असे विचारणाऱ्या वडिलांस हे नाव सांगावे.

आता त्या कारभाऱ्याविषयी. ज्वारी १८० किलो निघाली, हे आम्ही फळ्यावर सोडवून दाखविले, तेव्हा एका तरुणाने उठून शंका काढिली: "कारभाऱ्याने ऐंशी रुपये काढून घेऊन १०,५२० लिहविले असते, तरीही उत्तर १८०च आले असते ना?" शंका अगदी खरी होती, आणि तीवर आम्हांस आनंद झाला. समीकरणाने कारभारी निर्दोष ठरला नव्हता. पावती खरी असेल तर ज्वारी १८० किलो असली पाहिजे, एवढेच त्याने सांगितले होते. ज्या दोन साक्षींवरून आपण उत्तर काढिले, त्याच दोन साक्षींवरून त्या साक्षींची परीक्षा होत नाही. परीक्षेसाठी तिसरी पाहिजे, आणि ती पावतीबाहेरची पाहिजे.

पण एक लाभ झाला होता. आतापर्यंत 'किती होती?' असा मोकळा प्रश्न होता. आता '१८० होती की नाही?' असा नेमका प्रश्न झाला, आणि नेमक्या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे असते. मंडळीच्या बायबलबाईने सणाच्या सकाळी गोण्या उतरताना शब्बाथशाळेच्या वहीच्या मागल्या पानावर खुणा केल्या होत्या. तिला कोणी विचारिले नव्हते, व त्या खुणांचे मोल तिलाही वाटले नव्हते. ज्वारीच्या नऊ गोण्या, प्रत्येकी वीस किलोंची. पंचांनी पुढल्या रविवारी उपासनेनंतर वही व पावती दोन्ही मंडळीपुढे ठेविली. दोनशे म्हणणारा मनुष्य म्हणाला की आपण अंदाजाने बोललो होतो. कारभारी त्यापुढील महिन्यात प्रभुभोजनास आला. कारभार मात्र त्याने पुन्हा हाती घेतला नाही. हा दोष आम्ही पंचांच्या पदरी घालितो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ८ व्या अध्यायात पौलाने वर्गणी नेताना आपल्याबरोबर दुसरे विश्वासू बंधू घेतले, ते ह्याच प्रकारचा बोल लागू नये म्हणून. धान्य विकावयास दोघांनी जावे, प्रत्येक धान्याचे वजन व रक्कम पावतीवर वेगवेगळी लिहवून घ्यावी, आणि उतरवून घेतलेल्या मालाची यादी तिसऱ्याने ठेवावी.

रात्रीच्या वर्गासाठी खाली चार उदाहरणे देतो. मुलांनी प्रत्येकात प्रथम 'मानू' असे वाक्य लिहावे, मग समीकरणे, मग उत्तर, आणि शेवटी पडताळा.

१. सभेस एस. टी. ने २४ माणसे गेली. पूर्ण तिकीट ६० रुपये, अर्धे ३० रुपये. एकूण १,०२० रुपये लागले. पूर्ण तिकिटाची माणसे किती व अर्ध्या तिकिटाची किती?

२. दानपेटीत दहा व वीस रुपयांच्या मिळून ४५ नोटा निघाल्या. रक्कम ६०० रुपये. प्रत्येक प्रकारच्या किती?

३. एका दोन अंकी संख्येतील अंकांची बेरीज ११ आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. ती संख्या कोणती? (दशकाचा अंक द असेल तर त्याची किंमत १०द आहे, हे विसरू नये.)

४. एका आवारात शेळ्या व कोंबड्या मिळून ३० डोकी मोजली आणि ८५ पाय मोजले. शेळ्या किती?

उत्तरे: पहिल्याचे १० व १४, दुसऱ्याचे दहाच्या ३० व विसाच्या १५, तिसऱ्याचे ४७. चौथ्यात शेळ्या साडेबारा येतात. तेव्हा ज्याने पाय मोजले त्यास पुन्हा मोजावयास पाठवावे.